उत्तरभिंत

सानिकानं शेवटचा दगड धरला, अंग वर ओढलं, आणि पडद्यावरचा गिर्यारोहक उत्तरभिंतीच्या माथ्यावर उभा राहिला. ऑफिसात एकजण खुर्ची मागे ढकलून उठला, दुसऱ्यानं टेबलावर हात आपटला, आणि बघता बघता सगळे सानिकाभोवती गोळा झाले. ती स्वतःच गोंधळली होती. मी काही वेगळं केलं नाही, सहज चढत गेले, असं ती मनगटावरचा पट्टा सोडवत सगळ्यांना सांगत होती.

उत्तरभिंत सहज चढत गेलेला माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. ही भिंत जगासमोर येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती, आणि चांगले चांगले खेळाडू तिच्या अर्ध्यातूनच कोसळले होते.

वृषाली मगदूम मात्र जागची हलली नाही. प्रोग्रामिंगची सगळी जबाबदारी तिच्यावर होती. तिच्या समोरच्या पडद्यावर सानिकाच्या हाताच्या स्नायूंचा आलेख उमटला होता, आणि ती त्या रेषेकडेच बघत होती. अशी रेषा तिनं पूर्वी मिरजेच्या एका हॉस्पिटलात पाहिली होती, आणि ती आजारी माणसांच्या हातांची होती.

‘कडा’ हा खेळ या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात तयार झाला. उल्हास नाईकवडी नावाच्या माणसानं राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत बसून तो जवळजवळ एकट्यानं लिहिला. एक गिर्यारोहक, एक सरळसोट कडा, आणि बोटांखाली कीबोर्डच्या चार कळा. कळ दाबली की दगड धरला, सोडली की पकड सुटली. दगड फार वेळ धरून ठेवला तर तो निखळायचा. लवकर सोडला तर तोल जायचा. त्यात बंदुका नव्हत्या, शत्रू नव्हते, गुणही नव्हते. तरी त्याची सीडी एका सायबर कॅफेतून दुसऱ्यात अशी फिरत राहिली. वृषाली शाळेत असताना गडहिंग्लजच्या कॅफेत तो पहिल्यांदा खेळली, तेव्हा घरी परतेपर्यंत तिचे तळवे ओले होते. पुढे तिनं पुष्कळ खेळ खेळले, काही स्वतः बनवले, पण पडण्याची इतकी खरी भीती तिला दुसऱ्या कुठल्या खेळानं दाखवली नाही.

पहिल्या कड्यांचं कौतुक झाल्यावर काही वर्षांनी उल्हासनं एक शेवटची भिंत काढली. तीच उत्तरभिंत. लोकांनी आधी ती चढायचा प्रयत्न केला, मग चेष्टा केली, मग शिव्या दिल्या. नाईकवडी पिऊन प्रोग्राम लिहितो, असं इंटरनेटवर लिहिलं गेलं. गावातही तेच बोललं जायचं, कारण तो रस्त्यानं झोकांड्या देत चालताना लोकांनी पाहिला होता. खेळ बुडाला. पुढे एकदा सांगली रस्त्यावर भरदुपारी तो ट्रकखाली आला. तेव्हाही लोक तेच म्हणाले.

आता अमोघ खर्डेकर यांच्या कंपनीनं ‘कडा’चा नवा अवतार करायला घेतला होता. जुन्या खेळांना नव्यानं बाजारात आणायची लाटच होती, आणि बहुतेकांचं व्हायचं ते एवढंच की चित्रं झकपक व्हायची आणि खेळ मरायचा. वृषालीला ते होऊ द्यायचं नव्हतं. हक्क उल्हासच्या एकुलत्या एक मुलीकडे, सानिकाकडे होते. ती चित्रकार. हक्क दिले आणि खडकांचे पोत रंगवायला तीही कंपनीत आली. काम करता करता दोघींची चांगली गट्टी जमली. पण सानिका खडक रंगवायची, खेळायची मात्र नाही. वडिलांचा खेळ तिनं लहानपणानंतर हातात धरला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांनी फारच आग्रह केला म्हणून ती बसली, आधीच्या कड्यांवर चढली, दोन-चार वेळा पडली, आणि मग उत्तरभिंतीवर वर पोचली.

नव्या खेळात कळा नव्हत्या. खेळाडू मनगटावर एक मऊ पट्टा बांधायचा. बोट हलवायचं असं मनात आलं की मेंदूकडून मज्जातंतूंवाटे हुकूम निघतो आणि हाताच्या स्नायूंत बारीकशी वीज खेळते. ही वीज कातडीवरूनही टिपता येते. पट्टा तेच करायचा. बोट हलायच्या किंचित आधीच खेळाला कळायचं की कुठलं बोट आवळणार आहे, किती जोरानं, आणि केव्हा सुटणार आहे. खेळाडूला वाटायचं की आपण खरोखरच दगड धरलाय. पण ज्या विजेवरून पकड कळते, त्याच विजेवरून हाताची तब्येतही कळते. या कंपनीत येण्याआधी वृषालीनं मिरजेत हातांच्या व्यायामाचे खेळ बनवले होते, ते अशाच पट्ट्यावर आणि रुग्णांसाठी. म्हणून तिला ती रेषा वाचता आली.

सगळे चहाला गेल्यावर तिनं हक्कांबरोबर आलेल्या उल्हासच्या जुन्या चढायांच्या नोंदी उघडल्या.

उल्हासची पद्धत तिला माहीत होती. नवी भिंत आधी तो स्वतः चढायचा. संगणक त्याच्या बोटांच्या वेळा टिपून घ्यायचा आणि त्यावरूनच प्रत्येक दगडाचा स्वभाव ठरवायचा. मग तो मित्रांना चढायला लावायचा आणि त्या वेळा सैल करत न्यायचा, म्हणजे कुणाच्याही हाताला भिंत जमावी. उत्तरभिंतीच्या वेळेपर्यंत त्याच्याजवळ मित्र उरले नव्हते. त्यामुळे त्या भिंतीतला प्रत्येक दगड एकाच हाताच्या मापाचा राहिला. भिंत वृषालीनं जशीच्या तशी नव्या खेळात आणली होती, कारण खर्डेकरांना ती सोपी करायची होती आणि तिला मोडतोड नको होती. पण त्या वेळा नेमक्या काय सांगतात, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं आता पाहिलं. दगड धरायचा, मध्येच पकड निसटू द्यायची, लगेच पुन्हा आवळायची, आणि सोडायच्या क्षणी थोडं रेंगाळायचं. असं केलं तरच उत्तरभिंतीचा दगड टिकत होता. धडधाकट हात असं कधीच करत नाही. धडधाकट हात एकदा धरतो आणि धरूनच ठेवतो. म्हणून सगळे पडत होते.

मिरजेत अशा पकडीला डॉक्टर धार काढणारी पकड म्हणायचे. हंटिंग्टनच्या आजारात ती दिसते. रुग्णाला म्हणावं, माझी बोटं घट्ट धरून ठेव, तर त्याचा हात आवळतो, सैल पडतो, पुन्हा आवळतो, गाईची धार काढल्यासारखा. उल्हासच्या बोटांच्या वेळांवरून तिनं रेषा काढल्या, तर पहिल्या कड्यांवरच्या सरळ होत्या. पुढच्या कड्यांवर त्यांत बारीक खाचा पडायला लागल्या. उत्तरभिंतीवर नुसत्या खाचाच होत्या. तो माणूस आपल्या हाताला जे जमतं ते भिंतीत घालत गेला होता, आणि हात बदललाय हे त्याला कळलंच नव्हतं.

आणि सानिकाची रेषा त्याच्या रेषेवर ठेवली की दोन्हींतल्या खाचा एकमेकींत बसत होत्या. त्या दिवशी बाकीच्या कड्यांवर मात्र तिची रेषा स्वच्छ होती. वृषालीनं त्याचा अर्थ लावून टाकला. सुरुवात असेल, ताण आला की दिसत असेल.

दुसऱ्याच दिवशी ती मिरजेला डॉ. मुजावरांकडे गेली. मेंदूविकारांच्या त्या डॉक्टर; वृषालीनं त्यांच्या हाताखालीच काम केलं होतं. तिनं नावं न सांगता दोन रेषा पुढे ठेवल्या. डॉक्टरांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिल्या आणि विचारलं की ही माणसं कोण. वृषाली म्हणाली, एक वारले.

“दुसरी त्यांची मुलगी आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

वृषालीनं दोन्ही रेषा आपल्याकडे ओढून घेतल्या. डॉक्टरांना उत्तर मिळालं, आणि त्या चिडल्या. रेषेवरून मी निदान करत नाही, तू तर मुळीच करू नकोस, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग थोड्या निवळल्या आणि समजावून सांगू लागल्या. आपल्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ येत राहतो. सगळ्यांच्यातच येतो. तो मर्यादेपेक्षा जास्त वेळा आला, की चाळिशीच्या आगेमागे मेंदूचा एक भाग झिजायला लागतो. हात ढिले पडतात, चाल नाचल्यासारखी होते, जीभ जड होते, स्वभाव तिखट होतो. लोकांना वाटतं माणूस पितो, किंवा वेडा झालाय. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं. पूर्वी कळूनही उपयोग नसायचा. गेल्या काही वर्षांत मात्र पाठीच्या कण्यातून द्यायचं एक औषध आलं होतं आणि ते आजार थोपवून धरत होतं, पण लक्षणं दिसायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला दिलं तरच.

“मग तिला सांगायलाच हवं,” वृषाली म्हणाली.

“निम्मे लोक तपासणी करून घेत नाहीत. त्यांना नकोच असतं कळायला. तो त्यांचा हक्क आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आधी तिला विचार, जाणून घ्यायचंय का.”

“विचारलं म्हणजे सांगितल्यासारखंच की, मॅडम.”

“हो,” डॉक्टर म्हणाल्या. “इतकी वर्षं हेच काम करतेय, पण त्यावर उपाय मला सापडलेला नाही.”

वृषाली कोल्हापूरला परतली तेव्हा खर्डेकरांनी सगळं ठरवूनही टाकलं होतं. पुण्यातल्या एका मोठ्या सभागृहात खेळाचं उद्घाटन होणार होतं. बापानं बांधलेली भिंत मुलगी चढणार, जगभर थेट प्रक्षेपण, आणि मागच्या भल्या मोठ्या पडद्यावर तिच्या हाताचा जिवंत आलेख. त्या शेवटच्या गोष्टीनं वृषालीला धडकी भरली. हातांचे असे आलेख विकत घेणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या, आणि त्या ते कुणाला विकतात हे सगळ्यांना माहीत होतं. सानिकाला स्वतःला कळायच्या आधी तिचा विमा नाकारणाऱ्याला ते कळलं असतं.

तिनं खर्डेकरांना सांगितलं की उत्तरभिंतीच्या प्रोग्राममध्ये चूक सापडलीय, ती भिंत दाखवता येणार नाही. कुठली चूक, ते सांगता येईना. मग नुसता आलेख तरी काढून टाका, असं तिनं सुचवलं, तर तोच तर आपला माल आहे, असं ते म्हणाले. इतके दिवस भिंतीला हात लावू न देणारी बाई आता ती चढली गेल्यावर का अडवतेय, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. सानिका तिथंच होती. संध्याकाळी जिना उतरताना तिनं वृषालीला गाठलं आणि हळू आवाजात म्हणाली, “तुला लहानपणापासून ती भिंत चढायची होती. मला माहितीय. पण मी चढले याचं तुला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.”

वृषालीला ते लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा पहिल्या क्षणी तिला हेवाच वाटला होता. रेषा तिनं नंतर पाहिली.

पुढचे दिवस सानिका तिच्याशी कामापुरतं बोलली. रंगीत तालमीसाठी पुण्याला जायचं होतं, तेव्हा खर्डेकरांनी दोघींना एकाच गाडीत बसवलं. गाडी आपली आपण चालत होती. समोर रस्ता बघत बसायचंही निमित्त नव्हतं. कऱ्हाडच्या अलीकडे सानिकानं खिडकीतून नजर काढून घेतली.

“तू ती भिंत का अडवतेयस, हे मला पुण्याला पोचायच्या आत कळलं पाहिजे,” ती म्हणाली.

वृषालीनं गाडीला बाजूच्या एका हॉटेलापाशी थांबायला सांगितलं. गाडी थांबली. दोघी आतच बसून राहिल्या.

“मला तुझ्याबद्दल एक गोष्ट माहीत आहे असं वाटतं,” वृषाली म्हणाली. “खात्री नाही. पण एकदा ऐकलीस की परत करता येणार नाही. तू नको म्हणालीस तर मी जन्मात तोंड उघडणार नाही. आणि पुण्याचं ते प्रक्षेपणही होऊ देणार नाही, मग नोकरी गेली तरी चालेल.”

रागावून काहीतरी बोलायला सानिकानं तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. ती मुळात हुशार होती.

“भिंतीबद्दल आहे?”

“हो.”

“पप्पांबद्दल?”

वृषालीनं हो म्हणून मान हलवली. सानिका म्हणाली, “दाखव.”

वृषालीनं आधी फक्त उल्हासच्या रेषा दाखवल्या. पहिला कडा, मधले कडे, उत्तरभिंत. भिंत तशी का झाली ते सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. तो माणसाचं काय करतो ते सांगायला लागली तेव्हा सानिकानं तिला थांबवलं आणि स्वतःच बोलू लागली. कपबशा हातातून पडायच्या. जिना उतरताना भिंतीला धरून उतरायचे. शाळेच्या गॅदरिंगला आले होते आणि खुर्चीवरून खाली पडले, मागची मुलं हसली, आणि तिनं हे आपले वडील नाहीत असं शेजारच्या मुलीला सांगितलं. बोलताना शब्द लोळायचे. एकदा आईच्या अंगावर पितळी तांब्या फेकला. त्यानंतरच आई तिला घेऊन जयसिंगपूरला माहेरी निघून आली.

ती बोलायची थांबली. हॉटेलातला माणूस येऊन काचेतून डोकावून गेला.

“म्हणजे पप्पा पीत नव्हते,” सानिका म्हणाली.

वृषालीनं मनात पुष्कळ तयारी केली होती. ती घाबरेल, चिडेल, विश्वास ठेवणार नाही. हे वाक्य मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. सानिका ओंजळीत तोंड घालून रडायला लागली, आणि वृषालीला समजेना की तिच्या पाठीवर हात ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही. तरी ठेवला. कितीतरी वेळानं सानिकानं डोळे पुसले आणि स्वतःचा उजवा हात समोर धरून पाहिला.

“आता माझी रेषा दाखव,” ती म्हणाली.

पुण्याला जायचं राहिलं. गाडी वळवून दोघी जयसिंगपूरला गेल्या.

सानिकाची आई, शैलजाताई, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लेकीनं सगळं सांगितलं. त्यांनी सानिकाचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, “मूठ आवळ. घट्ट. सोडू नको.” मग डोळे मिटून, लेकीची पकड कुठं सैल पडते का, हे चाचपत त्या बसून राहिल्या. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, कुणी उठलं नाही.

शेवटी हात सोडून त्यांनी सांगितलं की सासरे असेच गेले. लग्न होऊन आल्या तेव्हा म्हातारे खाटेवर होते आणि त्यांचे हातपाय आपले आपण हलत असायचे. बाहेरची बाधा आहे म्हणून घरातले लोक दार लावून घ्यायचे. तिसऱ्या कुणाला ते कधी सांगितलं नाही.

“आणि ह्यांच्या तोंडाला वास कधीच यायचा नाही,” त्या म्हणाल्या. “मी म्हणायचे, वेलदोडे खाऊन येत असतील.”

वृषालीनं मनातल्या मनात हिशेब केला. आजोबा, वडील, आता ही. नाणं उडवायचं बाकीच राहिलं नाही, असं तिला वाटून गेलं.

तपासणी करायचीच, असं सानिकानं ठरवलं. खर्डेकरांना तिनं स्वतः फोन केला आणि मी भिंत चढणार नाही, कारण विचारू नका, एवढंच सांगितलं. ते पुष्कळ आरडाओरडा करून गप्प बसले. हक्काच्या करारावर तिची सही होती आणि ती बिथरली तर खेळच अडकला असता. मिरजेला डॉ. मुजावरांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, नको म्हणायची अजून वेळ आहे. तिनं बाही वर केली.

निकाल यायला काही आठवडे लागणार होते. त्या आठवड्यांत सानिका बदलली. किल्ली विसरली की तिचा चेहरा उतरायचा. बोलताना एखादा शब्द अडला की ती वाक्य अर्धवट टाकायची. कुंचला हातातून निसटला तेव्हा ती तशीच घरी निघून गेली आणि दोन दिवस आली नाही. पट्टा तर तिनं पुन्हा बांधलाच नाही. आणि वृषाली, न बघायचं ठरवूनही, दिवसभर तिच्या बोटांकडे बघत असायची. एकदा कॅन्टीनमध्ये सानिकानं चहाचा कप उचलला, तिची नजर पाहिली, आणि कप खाली ठेवला.

“अशी बघू नकोस,” ती म्हणाली. “तू बघतेस तेव्हा हात खरंच थरथरतो.”

वृषाली त्या दिवसापासून वेगळ्या टेबलावर बसू लागली. आपण तोंड उघडलं नसतं तर ही पोर आत्ता निवांत चहा पीत असती, आणि कदाचित औषधाची वेळ निघून गेली असती. यातलं कुठलं बरं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

निकालाच्या दिवशी तिघी मिरजेला गेल्या. वृषाली बाहेर थांबणार होती, पण सानिकानं तिला हाताला धरून आत नेलं. डॉक्टरांनी लिफाफा उघडून ठेवलेला होता. त्यांनी उगाच वेळ काढला नाही.

“तुला हा आजार नाही,” त्या म्हणाल्या. “पुढेही होणार नाही. तो तुकडा तुझ्यात अगदी सगळ्यांसारखा आहे.”

सानिकानं त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. शैलजाताईंनी टेबलाच्या कडेवर कपाळ टेकलं आणि त्यांची पाठ हलायला लागली. वृषालीला सुटल्यासारखं वाटलं खरं, पण त्यामागोमाग भलतीच लाजही आली. इतके आठवडे तिनं या दोघींना कशासाठी जाळलं होतं?

उल्हासबद्दल डॉक्टरांनी सांगितलं की गेलेल्या माणसाचं निदान कागदावर लिहून देता येत नाही. पण त्याच्या रेषा आणि त्याच्या वडिलांची हकिकत पाहिल्यावर आपल्या मनात शंका नाही. मग त्या वृषालीकडे वळल्या आणि म्हणाल्या की रेषेवरून निदान करू नकोस, असं सांगितलं होतं. वृषालीनं मान डोलावली. पण तिला राहवेना. रेषा काही खोटी नव्हती. खाच न् खाच जुळत होती. जो आजार सानिकाला नाहीच, तो तिच्या हातात आला कुठून?

तिनं हे मोठ्यानंच विचारलं. शैलजाताईंनी डोकं वर केलं. पदरानं डोळे पुसत त्या वृषालीकडे अशा बघत राहिल्या, जणू हिला एवढंही कसं कळत नाही.

“तिला त्यांनीच तर शिकवलं,” त्या म्हणाल्या. “पाच वर्षांची असेल. मी पेपर तपासत बसायचे आणि ही त्यांच्या मांडीवर. हिची बोटं कळांवर, त्यांची हिच्या बोटांवर. ते दाबतील तशी ही दाबायची, ते सोडतील तशी सोडायची. ती शेवटची भिंत दोघांनी मिळूनच चढून काढली. तासन् तास चालायचं. जेवायला उठवलं की दोघंही रुसायचे.”

सानिकाला यातलं काहीच आठवत नव्हतं. तिला आठवत होता तो फक्त तांब्या, गॅदरिंग आणि भांडणं. पण तिच्या बोटांना आठवत होतं. बोबड्या माणसाजवळ वाढलेलं मूल बोबडंच बोलायला शिकावं, तशी तिची बोटं आजारी हाताजवळ शिकली होती. ती आवळ-सैल पकड तिला आजार म्हणून कळलीच नव्हती. दगड असाच धरायचा असतो, एवढंच तिला कळलं होतं. म्हणून बाकीच्या कड्यांवर तिची रेषा सरळ होती, आणि वृषालीनं नेमकं तेच बाजूला सारलं होतं.

परतीच्या वाटेवर मिरज मागं पडल्यावर सानिका म्हणाली की भिंत सोपी करायची नाही, आणि कुणाला चढताच येणार नाही अशीही ठेवायची नाही. पट्टा हातातली वीज टिपतो, तर उलट बारीकशी वीज देऊन बोटांना खूणही करू शकेल का? वृषाली म्हणाली, करू शकेल. मिरजेत तिनं रुग्णांसाठी तेच केलं होतं.

त्या कामाला पावसाळा गेला. खर्डेकर कुरकुरले, पण आलेख विकायचा नाही ही अटही त्यांनी शेवटी मान्य केली. खेळ बाजारात आला तेव्हा उत्तरभिंतीच्या पायथ्याशी उल्हास नाईकवडींच्या आजाराची हकिकत सानिकानं चार ओळींत लिहिली होती. त्याखाली खेळाडूला विचारलं जायचं: हात धरू का? हो म्हटलं की पट्ट्यातून उल्हासच्या बोटांची लय हळूच खेळाडूच्या बोटांत उतरायची. इथं आवळ, इथं सैल सोड, पुन्हा आवळ, थोडं रेंगाळ. लोक पडत, शिकत, आणि एके दिवशी वर पोचत. त्याला ज्यांनी दारुडा म्हटलं होतं त्यांतले काही अजून होते. त्यांनी काय लिहिलं, ते सानिकानं वाचलं नाही.

शैलजाताई एकदाच ऑफिसात आल्या. वृषालीनं त्यांना खुर्ची दिली आणि त्यांच्या मनगटावर पट्टा बांधला. चढायला जमेल का, अशी शंका त्या काढत होत्या. पडद्यावर भिंत आली. पहिला दगड त्यांनी धरला, आणि त्यांच्या बोटांत ती हालचाल सुरू झाली. त्या पडद्याकडे बघायचं विसरल्या. घर सोडलं त्या दिवशी दारात नवऱ्यानं त्यांचा हात धरला होता. तो हात असाच आवळत होता आणि सैल पडत होता, आणि हा माणूस शुद्धीत नाही असं वाटून त्यांनी आपला हात सोडवून घेतला होता, असं त्यांनी पुढे केव्हातरी सानिकाला सांगितलं.

गिर्यारोहक केव्हाच पायथ्याशी कोसळला होता. वृषाली पट्टा सोडायला पुढे झाली, तशी त्यांनी दुसरा हात मनगटावर दाबून धरला.

“राहू दे थोडा वेळ,” त्या म्हणाल्या.